वेगळं ताट

अकोला,
९ जून २०२५

ती. माणिकताईंना सुभद्राचा नमस्कार.

फोन सोडून ही पत्र काय लिहीत बसली, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही रोज फोन करता आणि मी रोज 'ठीक आहे' म्हणते, कारण फोनवर खरं बोलायची सोयच नाही. दोन खोल्यांचं घर. तुमच्या भावाचं बोलणं गेलं, पण कान शाबूत आहेत. मी मागे न्हाणीजवळ जाऊन कुजबुजले तरी यांना कळतं. म्हणून लिहिते.

ठीक काही नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी अर्धा जबडा काढला तेव्हा वाटलं होतं, सुटलो. ते परत आलंय. गालाला आरपार भोक पडलंय. आता कापण्यासारखं काही उरलं नाही म्हणाले, घरी न्या, जमेल ते खाऊ घाला, जखम स्वच्छ ठेवा. श्याम पुण्याहून येतो, बापाचे पाय चेपतो, रडतो आणि सुट्टी संपली की जातो. त्याचा तरी काय दोष. जखम मीच धुते. मागे त्यात अळ्या झाल्या होत्या. चिमट्याने काढल्या. यांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. मला मिटता येत नव्हते. वासाचं मी लिहीत नाही.

पण विचारायचं आहे ते दुसरंच. लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी सासूबाईंनी यांचं जेवून झालेलं पितळेचं ताट माझ्यापुढे सरकवलं होतं. तेव्हापासून मी यांच्या ताटातच जेवत आले. हे एसटीच्या ड्यूटीवरून कितीही उशिरा येवोत, मी थांबायची. वांग्याच्या भाजीतली देठं मला आवडतात, ती हे ताटात राखून ठेवायचे. हल्लीच्या पोरींना सांगितलं तर हसतील, पण मला त्याचं ओझं कधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर आवडायचं.

आता होत नाही. यांचं झालं की ताट उचलते, मागे नेऊन घासते आणि दुसऱ्या ताटात घेऊन ओट्याशी उभ्यानेच चार घास खाते. यांच्या लक्षात आलंच. पाटीवर लिहिलं, 'येगळं ताट काहून?' मी म्हटलं, उपास आहे. दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'आज कोणाचा?' मी देवांची नावं घेत राहिले. आता यांनी नवंच सुरू केलंय. जेवायच्या आधी, हात उष्टा व्हायच्या आत, चतकोर भाकर मोडून ताटाच्या कडेला ठेवतात. माझ्यासाठी. तिला वरणाचा थेंब लागू देत नाहीत. मी तीही खाऊ शकत नाही. पदराआड नेऊन गाईला घालते.

ताई, हे मला काय झालंय? ज्या माणसासोबत जन्म काढला तो डोळ्यांदेखत दुखावला जातोय आणि माझा हात पुढे जात नाही. तुम्ही आयुष्यभर भाषा शिकवल्या. याला काय म्हणतात ते सांगा. उपाय असला तर तोही सांगा.

तुमची,
सुभद्रा


अमरावती,
१३ जून

चि. सौ. सुभद्रा हिला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि चहा तसाच निवून गेला. 

याला काय म्हणतात विचारतेस. आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. एकच गोष्ट रोज पुढ्यात आली की येतो तो वीट. कामाचा, गर्दीचा येतो तो उबग. अंगावर काटा उभा राहतो ती शिसारी. पोटातून उसळते ती किळस. हिंदीत घिन येते, गुजरातीत सूग चढते. उर्दूत कराहत आहे आणि नफरतही आहे. तेलुगूत सरळ असह्यम् म्हणतात, म्हणजे सहन होत नाही ते. संस्कृतातल्या जुगुप्सेच्या मुळाशी तर स्वतःला राखण्याची इच्छा आहे.

यातले निम्मे शब्द माझ्याकडे कोणी आणले माहीत आहे? तुझ्या नवऱ्याने. बऱ्हाणपूरची गाडी असो की आदिलाबादची, माहेरी आले की मला म्हणायचा, "ताई, घे, आज नवा माल आणला." बहिणीला कोणी साडी आणतं, माझा भाऊ शब्द आणायचा. चिखलदऱ्याच्या घाटात गाडी वळणं घेऊ लागली आणि एखादी बाई ओकली, की अख्खी बस आपापल्या भाषेत नाक मुरडायची. आमचा कंडक्टर तेवढा नाक न मुरडता डब्यातली माती टाकायचा, हाताने पुसून काढायचा आणि त्या बाईला सांगायचा, "काही नाही होत माय, घाटच तसा हाय." मी स्वतः त्या गाडीत बसून हे पाहिलंय. अशा माणसाची तुला किळस यावी?

मला आडपडदा ठेवून बोलता येत नाही, राग आला तर येऊ दे. किळस वस्तूची येते. माणसाची येते तेव्हा तिला तिरस्कार म्हणतात आणि तो काही एका दिवसात उगवत नाही. किसनने तंबाखूचा खर्रा सोडतो म्हणून तुला आयुष्यभर झुलवलं. रोज शपथ, रोज पुडी. तो राग तुझ्या मनात मुरला आहे आणि आता ताटावर निघतो आहे. बाबांना क्षय झाला होता तेव्हाही आईने त्यांच्या ताटात जेवणं सोडलं नाही. डॉक्टरांनी बजावलं, तरी नाही. आमच्या घरात माया होती, म्हणून किळस नव्हती.

तेव्हा आता माझं ऐक. उद्याच त्याच्यासमोर मांडी घालून बस आणि त्याच्या ताटातले चार घास खा. पहिला जड जाईल, मग जाणार नाही. तो औषधाने नाही सुधारला इतका एवढ्याने सुधारेल.

तुझी,
माणिकताई


अकोला,
२२ जून

ती. माणिकताईंना नमस्कार.

तुमचं ऐकलं.

यांचं जेवण होत आलं तेव्हा समोर जाऊन बसले. म्हटलं, आज उपास नाही, भूक लागली, द्या इकडे. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ताट दोन्ही हातांनी पुढे सरकवलं. वरणात भिजवलेली भाकर होती, अर्धी गालातून परत सांडलेली. पहिला घास गिळला. हे हसले. अर्ध्या तोंडाने हसतात ते तुम्ही पाहिलेलं नाही. दुसराही गिळला. तिसऱ्याला पोटातलं सगळं उसळून वर आलं. न्हाणीपर्यंत जाता आलं नाही. यांच्या पायांपुढेच ओकले.

मग हे उठले. आधार दिल्याशिवाय उठत नव्हते ते माणूस. भिंत धरत धरत मागे गेले, पाणी तापवायच्या चुलीतली राख डब्यात घेऊन आले आणि मी ओकले होते त्यावर टाकली. खाली बसून पुसलं. मी हात धरत होते, ऐकलं नाही. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत घशातून काहीतरी आवाज काढत राहिले. शब्द नव्हते, पण मला कळलं. काही नाही होत माय, असंच म्हणत होते.

त्या दिवसापासून यांनी अन्न सोडलंय. चमच्याने पाणी घेतात, बस. ताट नेलं की भिंतीकडे तोंड करतात. पाटी उशाखाली सारून दिली आहे. मी पाया पडले, ओरडले, श्यामची शपथ घातली. डॉक्टर म्हणतात, पोटात काही गेलं नाही तर आजाराआधी उपासमारच नेईल.

रागाचं लिहिलंत. राग आहे, काहून नसणार? पण ताई, राग हात अडवत नाही. भांडून, कपाळ बडवून घेऊनसुद्धा मी यांच्या ताटात जेवले आहे. हे रागाचं नाही. तुमच्या शब्दांच्या रांगेत माझा मला सापडला नाही. सापडलाच तर तुमचा तेलुगूतला.

तुम्ही या. तुम्ही रक्ताच्या. तुम्ही यांच्याजवळ बसून, यांच्या ताटातलं खाल्लंत तर यांना वाटेल की आपण अजून माणसात आहोत. माझ्याने झालं नाही. माझ्यामुळे हे उपाशी मरताहेत, हे घेऊन मी कुठे जाऊ?

सुभद्रा


अमरावती,
२६ जून

चि. सौ. सुभद्रा हिला आशीर्वाद.

रडू नकोस, मी येते. रविवारी सकाळच्या गाडीने निघते, दुपारपर्यंत तुझ्या दारात. महिनाभर राहायच्या तयारीने येते आहे, मग तू जरा झोप काढ. त्याला माझ्या हातचा सांजा आवडतो, पातळ करून भरवीन. लहानपणी याचं नाक मी पुसलंय, याचे कपडे मी धुतले आहेत. माझ्यापुढे काय लाजेल तो? आणि मला काय होणार आहे? सख्ख्या भावाची कधी किळस येते का?

त्याला सांग, ताई येते आहे आणि जेवायला तुझ्याच ताटात बसणार आहे.

माणिकताई


अमरावती,
७ जुलै

चि. सौ. सुभद्रा हिला आशीर्वाद.

सुखरूप पोचले. लगेच लिहिणार होते, पण आल्याबरोबर बीपीने डोकं वर काढलं. डॉक्टरांनी प्रवासच बंद केला आहे. तुझ्याकडे असतानाच चक्कर येत होती, तुला उगाच काळजी नको म्हणून बोलले नाही. शिवाय इकडे नळाचं काम निघालं होतं, ते शेजाऱ्यांवर किती दिवस टाकणार? निघताना किसनची झोप मोडू नये म्हणून आत आले नाही. दारातूनच हाक मारली.

कुरिअरने उदबत्त्या आणि भीमसेनी कापूर पाठवते आहे. चांगला आहे, खोलीत सकाळ-संध्याकाळ लाव.

किसनला एक गंमत सांग, त्याला आवडेल. घृणा हा शब्द आपण आज किळस, तिटकारा अशा अर्थाने वापरतो, पण जुन्या संस्कृतात त्याचा अर्थ दया असाही होता. म्हणून तर दया नसलेल्याला निर्घृण म्हणतात. आहे की नाही?

तो जेवू लागला का, ते कळव.

माणिकताई


अकोला,
१३ जुलै

ती. माणिकताईंना नमस्कार.

कापूर मिळाला. लावते. 

घृणेचा अर्थ यांना वाचून दाखवला. यांनी मान हलवली. आता माझं ऐका, आणि पत्र अर्धवट टाकू नका.

तुम्ही येणार कळल्यावर यांनी न्हाव्याला बोलवायला लावलं. उरलेल्या गालाची दाढी करून घेतली. कंडक्टरचा खाकी शर्ट पेटीतून काढायला लावला. खाट फिरवून घेतली, का ते तेव्हा मला समजलं नाही. आणि इतक्या दिवसांनी खुणेनं जेवण मागितलं. तुम्ही येण्याआधीच ताट वाढून घेतलं, चतकोर भाकर मोडून कडेला ठेवली. ती तुमच्यासाठी होती.

तुम्ही दारात आलात. "किसन, अरे" एवढं म्हणालात आणि वास तुमच्यापर्यंत पोचला. मी तुमच्या तोंडाकडे पाहत होते. तुम्ही पदर नाकाला लावला. मग पदर डोळ्यांना लावला, रडल्यासारखं. यांनी ताट उचलून तुमच्याकडे धरलं आणि तुम्ही म्हणालात, "मी स्टँडवर खाऊन आले रे." त्यानंतर तुम्ही गच्चीवर हवेला म्हणून गेलात आणि झोपायलाही तिथेच अंथरलंत. सकाळी दारातूनच "येते रे किसन" म्हणालात. ताई, हे झोपले नव्हते. यांनी भिंतीकडे तोंड ठेवूनच हात वर केला होता. तुम्ही तो पाहिलात, मी पाहिलं.

मी हे दोष द्यायला लिहीत नाही. लिहायची लाज वाटते, पण तुमचा पदर नाकाला गेला तेव्हा मला बरं वाटलं. कोणी छातीवरचा दगड उचलावा तसं. तुमची माया मला ठाऊक आहे. ती असून तुमचं हे झालं, म्हणजे मायेचा याच्याशी संबंध नाही. माझीही माया कुठे गेलेली नाही.

तुमची गाडी गेल्यावर मी आत गेले, खाटेशी बसले आणि सगळं बोलून टाकलं. म्हटलं, "मले तुमची किळस येते. जखम धुते तवा येते, ताट उचलते तवा येते. धुऊन झालं की मागे जाऊन वकते आणि परत येते. उपास-बिपास काही नव्हता. पण परत येते ना मी? कोणत्या दिवशी नाही आली, सांगा." यांनी उशाखालून पाटी काढली. लिहिलं, 'मलेबी येते.'

ताई, आम्ही दोघं मग खूप रडलो. इतके महिने आरसा का मागत नव्हते ते मला कळायला हवं होतं. यांना स्वतःचाच वास येत होता, आणि ते कोणाला सांगणार? मी उपासाची नावं घेत होते आणि हे खरं मानल्याचं दाखवत होते.

आता दोन ताटं असतात. मी तोंडाला फडकं बांधते, यांच्यासमोर, लपवून नाही. जखम धुताना मला उमासा आला की हे हाताने खूण करतात, जा, जाऊन ये. जेवताना मी तीन हात लांब बसते, पण समोर बसते. हे नव्या भाकरीचा चतकोर मोडून सरळ माझ्या ताटात टाकतात आणि तो मी खाते. हे वाटीभर वरण-भाकर घेतात. वाचणार नाहीत, डॉक्टरांनी सांगितलंय. पण उपाशी जाणार नाहीत.

सुभद्रा


अमरावती,
११ ऑगस्ट

चि. सुभद्रा,

सौभाग्यवती लिहायची सवय हाताला आहे, आज हात थांबला.

त्या दिवशी बायकांच्या गर्दीत तुझ्याशी बोलता आलं नाही. तुझ्या जुलैच्या पत्राला उत्तर लिहायला रोज बसत होते आणि उठत होते. काय लिहिणार? राखी घेऊन ठेवली होती, ती घेऊनच निघणार होते. दोन दिवस आधी श्यामचा फोन आला. मग मी आले, आणि त्याला न्हाऊ-माखू घालून, कापूस लावून, पांढऱ्यात गुंडाळून ठेवलं होतं तेव्हा मात्र मी त्याच्या गालावरून हात फिरवत बसले. लोक म्हणाले, बहिणीची माया बघा. मला तिथेच मरून जावंसं वाटलं.

किसनने आणलेले शब्द लिहून ठेवायची ती वही मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. मला एकच सांग, आणि खरं सांग, माझ्या बीपीची काळजी करू नकोस. तो माझ्याकडे पाठ करून राहिला. मी दारातून हाक मारली तरी वळला नाही. राग धरून गेला का माझा भाऊ?

माणिक


अकोला,
१४ ऑगस्ट

ती. माणिकताईंना नमस्कार.

राग धरून गेले नाहीत. हे तुम्ही विचाराल असं मला वाटलंच होतं.

खाट फिरवून घेतली म्हणून लिहिलं होतं ना? आधी यांचं डोकं खिडकीकडे असायचं. तसं निजलं की दारातून येणाऱ्याला भोक पडलेला गाल दिसतो. यांनी खाट फिरवली ती तो गाल भिंतीकडे जावा म्हणून. तुम्हाला चांगला गाल दिसावा. तुम्ही दारातून हाक मारलीत तेव्हा वळले असते तर तुम्हाला ते दिसलं असतं. म्हणून वळले नाहीत, नुसता हात वर केला. तुम्ही गेल्यावर पाटीवर दुसरी ओळ लिहिली होती, ती मी तुम्हाला कळवली नव्हती. तुमच्यावर माझा राग होता, म्हणून नाही कळवली. 'ताईले हे दिसलं त नाही ना?' मी म्हटलं, नाही दिसलं. यांना बरं वाटलं.

गेले ते जेवताना गेले. माझ्या ताटात चतकोर टाकला, स्वतःच्या ताटातला पहिला घास उचलला आणि गालातून रक्त सुरू झालं. थांबलंच नाही. दवाखान्याची गाडी येईपर्यंत यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. वास येत होता, ताई. खोटं कशाला सांगू? शेवटपर्यंत येत होता. मी डोकं खाली ठेवलं नाही.

नंतर शेजारच्या बायकांनी घर धुतलं. रोग्याची भांडी म्हणून पितळेचं ताट भंगारात द्यायला काढलं होतं. मी ओढून घेतलं. चिंच लावून घासलं, उकळत्या पाण्यातून काढलं. त्यात मी अजून जेवलेली नाही. रोज काढते, पुसते, ठेवते. 

तेरवी १९ तारखेला आहे. तुम्ही यावं. श्याम स्टँडवर घ्यायला येईल. जेवायला मी तुम्हाला यांच्याच ताटात वाढीन आणि शेजारी बसेन. घास खाली उतरला नाही तर तसं सांगा, मी लगेच दुसरं ताट काढीन, मनात काही ठेवणार नाही. फक्त स्टँडवर खाऊन आले असं म्हणू नका.

सुभद्रा